शेतातली भरीत पार्टी: जाळ, शेकोटी आणि पंचवीस माणसांची सोय

मार्गशीर्षात चंपाषष्ठी झाली की खान्देशात वांग्याला मोकळीक मिळते. चातुर्मासात वांगं न खाणारी घरंही त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. तिथून पुढे थंडी ओसरेपर्यंत जळगाव, यावल, रावेर, भुसावळकडे शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या मळ्यात जाळ दिसतोच. पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलांना शेकोटीभोवती बसायचं असतं, घरातल्या मोठ्यांना भरीत हवं असतं आणि यजमानाला दोन्ही एकाच जाळावर उरकायचं असतं. गडबड तिथेच होते.

भरताचा जाळ वेगळा, बसायची शेकोटी वेगळी. कपाशीच्या काड्यांचा जाळ दोन-तीन मिनिटांत माणसाच्या डोक्याएवढा उठतो आणि तितक्याच लवकर बसतो. भाजणाऱ्याला लांब काठी घेऊन त्याच्याभोवती सारखं फिरावं लागतं, अंगावर झळ येते, एखादं वांगं फुटून गरम गर उडतो. शेकोटी बुटकी, सावकाश जळणारी आणि तीन-चार तास टिकणारी हवी. दोन्ही एकत्र केल्या की भाजणाऱ्याच्या पायात पोरं येतात आणि फोटो काढणारे नेमके वाऱ्याच्या तोंडी उभे राहतात. म्हणून भरताचा जाळ उजेड असतानाच लावायचा, वांगी निघाली की तो पूर्ण विझवायचा आणि मगच शेकोटी पेटवायची. एका वेळी एकच आग, तिच्यावर एकच जबाबदार माणूस.

तारीख आणि माणसं

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीची सुरुवात हा सगळ्यात चांगला काळ. थंडीच्या लाटेत जळगावचं किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरतं, शेकोटीला अर्थ येतो, आणि वांगीही याच दिवसांत भरात असतात. फेब्रुवारी सरत आला की गहू पिवळा पडायला लागतो, हरभरा वाळतो, दुपारनंतर वारा सुटतो. पिकल्या गव्हाशेजारी ठिणगी म्हणजे नुसत्या तुमच्या नाही, शेजाऱ्याच्याही वर्षाच्या कमाईशी खेळ. तेव्हा उशीर झालाच तर अंगणात गॅसवर वांगी भाजा, चव थोडी कमी लागेल, पण भांडण होणार नाही.

जमलं तर पौर्णिमेच्या आसपासची रात्र धरा. मळ्यात चांदण्याचा उजेड फार उपयोगी पडतो.

वीस-पंचवीस माणसं घरच्या घरी झेपतात. चाळीसच्या पुढे गेलात तर भरीत करणारे लोक सांगा. हंगामात जळगावात आणि आसपासच्या गावांत तयार भरीत किलोवर मिळतं, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. निमंत्रण देतानाच तीन गोष्टी सांगून टाका: सुती किंवा लोकरीचे कपडे घाला, बंद पादत्राणं घाला, आणि टॉर्च आणा. नायलॉनची ओढणी, पॉलिस्टरचं चकचकीत जॅकेट आणि लोंबता पदर जाळाजवळ नको. सिंथेटिक कापड नुसतं पेटत नाही, वितळून कातडीला चिकटतं.

जागा

खळं समोर आलं की तिथेच बसायचा मोह होतो, कारण जमीन सारवलेली, सपाट. पण खळ्याजवळच बहुधा कडब्याची गंजी, गोठा आणि भाव वाढायची वाट बघत ठेवलेला कापूस असतो. कापसाच्या ढिगात शिरलेली ठिणगी आतल्या आत धुमसत राहते आणि तासाभरानेही पेट घेऊ शकते. तेव्हा गंजी, गोठा, कापूस यांच्यापासून निदान शंभर फूट तरी दूर जा. पीक निघून मोकळं झालेलं, नांगरलेलं किंवा वखरलेलं वावर सगळ्यात उत्तम. काळी ढेकळं बसायला टोचतात, पण पेटत नाहीत. केळीच्या बागेला लागून बसू नका. केळीचा खांब ओला असतो, तो जळत नाही, हे खरं, पण खाली लोंबणारी वाळकी पानं कागदासारखी पेटतात.

वर बघा: विजेची तार, आंब्याची फांदी नको. खाली बघा: ठिबकच्या नळ्या. ही गोष्ट हमखास राहते. मातीत अर्धवट बुजलेली नळी जाळाखाली वितळते आणि दुसऱ्या दिवशी मोटर सुरू केली की पाण्याचं कारंजं उडतं. त्या पट्ट्यातल्या नळ्या आधीच गुंडाळून बाजूला ठेवा.

आता मळ्यातला खरा धोका. तो जाळ नाही, विहीर आहे. आपल्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नाही आणि अंधारात गवतातून तिचा काठ कळत नाही. शेततळ्याचंही तसंच: आतल्या प्लॅस्टिकच्या कागदावर पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पार्टीच्या दिवशी उजेडातच विहिरीच्या वाटेवर ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा बैलगाडी आडवी लावा, दोरी बांधा, तिच्यावर पांढरं कापड टांगा, एक दिवा लावा. शेततळ्यात ट्यूबला दोर बांधून तयार ठेवा. मुलांना नुसतं ‘तिकडे जाऊ नका’ सांगून भागत नाही.

सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, आधी सांगा आणि विचाराही. कुठे साप निघतो, कोणत्या बांधावर मधमाश्यांचं पोळं आहे, शेजारच्या वावरात कुणाचा चारा पडलाय, हे त्याच्याइतकं मालकालाही ठाऊक नसतं. त्या रात्री त्याला राबवणार असाल तर मजुरी वेगळी द्या, आणि ताट सगळ्यांबरोबर वाढा. शेजारच्या शेतकऱ्यालाही निरोप द्या. रात्री जाळ दिसला की माणूस धावत येतो, त्याला कारण माहीत असलेलं बरं. खरं तर त्याला जेवायलाच बोलवा.

सातपुड्यात, पाल, तोरणमाळ किंवा पाटणादेवीच्या बाजूला जाऊन जंगलात शेकोटी लावायची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. राखीव वनात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. यावल आणि गौताळा-औट्रमघाट ही तर अभयारण्यंच. तिकडे दिवसा फिरा, शेकोटी आपल्या नाहीतर मित्राच्या मळ्यात लावा.

सरपण

वांग्यांसाठी कपाशीच्या वाळलेल्या काड्या. पर्याय म्हणून तुरीच्या काड्या चालतात, पण कपाशीच्या जाळाची धग आणि धुराचा वास वेगळाच. दहा किलो वांग्यांना काड्यांचे मोठे चार-पाच भारे लागतात, एक भारा जास्तीचा ठेवा. ज्या वावरात नुकतीच फवारणी झाली तिथल्या काड्या घेऊ नका. काड्या जागेवरच उभ्या वाळलेल्या आणि शेवटच्या फवारणीला बरेच दिवस झालेले असावेत. एरवीही काड्यांचे ढीग बांधावर उन्हाळ्यापर्यंत ठेवणं चांगलं नाही, बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. म्हणजे भरताला लागतात तेवढ्या घ्या आणि उरलेल्यांची विल्हेवाट सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) सांगतील तशी लावा.

शेकोटीला बाभूळ. तिचा निखारा टिकतो आणि ठिणग्या फार उडत नाहीत. तीन-चार तासांना मनगटाएवढ्या जाडीची पंचवीस-तीस किलो सुकी लाकडं आणि पेटवायला चार गोवऱ्या पुरतात. कडुनिंबाचा धूर डोळ्याला झोंबतो. कण्हेर, रुई, थोर, बेशरम, गाजरगवत यातलं काहीही जाळात टाकू नका. कण्हेरीचा धूरही विषारी असतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, टायर, फाटक्या ठिबकच्या नळ्या, औषधाचे रिकामे डबे, हेही नको. शेतात पडलंय म्हणून जाळून टाकू, असं म्हणणारा एक तरी उत्साही पाहुणा असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

सरपणाचा ढीग हलवताना हात घालू नका, आधी काठीने उलथापालथ करा. विंचू आणि घोणस दोघांनाही उबदार काड्या आवडतात. आणि ढीग पेटवायच्या जागी त्याच दिवशी रचा, आदल्या रात्री रचून ठेवलेल्या ढिगात सरडा, उंदीर, साप आसरा घेतात.

पाणी आधी, काडेपेटी नंतर

शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. ऐन वेळी मोटर चालू करून पाणी मारू, हा बेत सोडून द्या. लाईट असेल तेव्हाच हौद भरून घ्या आणि दोनशे लिटरचे दोन ड्रम जाळाच्या जागेजवळ भरून ठेवा, प्रत्येकाजवळ दोन बादल्या. मातीचं किंवा वाळूचं एक घमेलं आणि फावडं हवंच.

यात एक हत्यार घरचंच आहे, पाठीवरचा फवारणी पंप. पंधरा-सोळा लिटर पाणी भरून बॅटरीवर चालणारा पंप तयार ठेवला तर बांधावरच्या गवतात पडलेली ठिणगी क्षणात विझते. बादली फेकण्यापेक्षा नेम चांगला लागतो. पंप तीनदा धुऊन घ्या. धुतला तरी त्यातलं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला किंवा भाजलेल्या जखमेवर वापरायचं नाही. पंपावर लाल चिंधी बांधा म्हणजे घोटाळा होणार नाही.

वांगी आणि बाजारहाट

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद, भालोद, असोदा या बाजूची वांगी हिरवट, पांढऱ्या रेघांची, मोठी आणि बिया कमी असलेली असतात. घेताना हातावर तोलून बघा: आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्यायचं, जड वांग्यात बी जास्त. साल तकतकीत, देठ हिरवा. बारीकसं भोक दिसलं की आत अळी आहे असं समजा. बाजारात दुकानदार टोपलीच्या वर चांगली वांगी मांडतो, म्हणून खालची उलटून बघा. तो ‘काय भो, विश्वास नाही का’ म्हणेल, म्हणू द्या.

पंचवीस माणसांना दहा किलो वांगी लागतात. भाजून, सोलून बरंच वजन जातं आणि भरीत दुसऱ्यांदा घेणारे सगळेच असतात. त्याला अर्धा किलो तिखट हिरव्या मिरच्या, पाव किलो लसूण, कांद्याच्या पातीच्या चार-पाच मोठ्या जुड्या, दोन जुड्या कोथिंबीर, अर्धा किलो शेंगदाणे, थोडं सुकं खोबरं आणि लिटरभर तेल. मिरच्या एकदम सगळ्या घालू नका, शहरातली पोरं येणार असतील तर निम्म्या वेगळ्या ठेवा आणि ठेचा करून ताटात द्या.

कळण्याच्या भाकरी हव्याच. ज्वारी आणि सालासकट उडीद दळलेलं पीठ, प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचं, साधारण चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद. दादर, म्हणजे इकडची रब्बीची ज्वारी, मिळाली तर भाकरीला चव येते. माणशी दोन भाकरी धरल्या तर पाच किलो पीठ लागतं. पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणं सोपं नाही, म्हणून काही घरं कळण्याच्या पुऱ्या तळून आणतात. मी तर म्हणेन, भाकऱ्या करायला दोन बायका रोजाने सांगा. पार्टी सगळ्यांची आणि घरच्या बायका चुलीशी, हे आता पुरे. सोबत मुळा, गाजर, कांदा, लिंबू आणि केळीची पानं. ताटं धुवायचा व्याप नाही, यावल-रावेरकडे पानं तर मागितली की मिळतात.

भाजणं

सूर्य मावळायच्या तासभर आधी सुरुवात करा. आठ-दहा फुटांच्या गोलातलं गवत खुरप्याने काढून माती उघडी करा. माती चिमूटभर वर उडवा, वारा कुठून येतो ते कळेल. भाजणारा वाऱ्याकडे पाठ करून उभा राहील, बाकीचे त्याच्या मागच्या बाजूला, वीस फुटांवर. धुराच्या दिशेला कुणीच नाही. या वेळी वारा पानं सळसळवण्याइतका असेल तर थांबा, अंधार पडताना बहुधा तो पडतो.

वांगी धुऊन पुसून घ्या, देठ राहू द्या. प्रत्येक वांग्याला सुरीने किंवा काडीने चार-पाच ठिकाणी टोचा, म्हणजे आतली वाफ बाहेर निघते आणि वांगं फुटत नाही. वरून तेलाचा हात फिरवा. खाली काड्यांचा वीतभर जाड थर, त्यावर वांगी एका ओळीत, एकमेकांना न चिकटता, वर पुन्हा काड्या. एका वेळी पाच किलोपेक्षा जास्त घेऊ नका. वाऱ्याच्या बाजूने गोवरीच्या तुकड्यावर कापूर ठेवून पेटवा. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही नाही: पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या हातापर्यंत आग येते.

पहिला भडका बसला की पाच-सहा फुटांच्या ओल्या काठीने वांगी उलटायला लागा आणि बाजूने मूठ-मूठ काड्या सारत राहा. वरून काड्यांचा भारा फेकायचा नाही, ठिणग्यांचा लोट उठतो. पंधरा-वीस मिनिटांत साल काळी पडून सुरकुतते. देठाजवळ काठी दाबून बघा, तिथलं वांगं मऊ लागलं तर झालं. पोट मऊ आणि मान कडक असेल तर ते परत निखाऱ्यावर ठेवा, कच्चट मान पुऱ्या भरताची चव घालवते.

वांगी मोठ्या पातेल्यात काढून दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. सोलताना देठ धरून वरून खाली ओढा, हाताला पाणी लावलं तर चालेल, पण वांगं पाण्याखाली धरू नका, धुराचा वास तिथेच वाहून जातो. आतली वाफ सोलतानाही बोटं भाजते, घाई करणाऱ्याला हे काम देऊ नका. प्रत्येक वांगं उघडून अळी नाही ना ते बघा आणि मग लाकडी बडगीत मुसळीने ठेचा. मिक्सर नको, त्याने भरताचा लगदा होतो. मिरच्या आणि लसूण आधी थोड्या तेलावर परतून बडगीत ठेचलेले असावेत. कच्चं भरीत हवं तर पात, कोथिंबीर, मीठ घालून तिथेच तयार. फोडणीचं हवं तर तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, जिरं घालून वर पात परतायची आणि शेवटी वांगं. दोन्ही करा, वाद मिटतो.

वांगी निघाली की लगेच जाळावर पाणी. राखेत शेंगा भाजायच्या असतील तर त्या शेकोटीच्या निखाऱ्यावर भाजा, तसंच रताळी, हरभऱ्याचा हुळा.

शेकोटी

जेवणं झाल्यावर, भरताच्या जागेपासून चाळीस-पन्नास फुटांवर. तीन फूट रुंद आणि वीतभर खोल खड्डा, भोवती विटा किंवा वावरातले सुके दगड. नदी-नाल्यातले गोटे आणू नका: आत मुरलेलं पाणी तापून ते फुटतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. लाकडाचा ढीग गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. उंच ज्वाळा फोटोला छान दिसतात, पण ऊब निखाऱ्याची असते. बसायची जागा सहा-सात फुटांवर, खुर्च्यांपेक्षा बाजा आणि सतरंज्या बऱ्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय तापून वाकतात. लहान मुलांसाठी चुन्याने एक रेघ आखा आणि रेघेच्या आत फक्त जाळावरचा माणूस. तो माणूस न प्यायलेला असावा. मळ्यात दारू आणणारे आणतात, उपदेश करून कुणी ऐकत नाही. पण ज्याने घेतली तो जाळाजवळ नाही आणि गाडीवरही नाही, एवढं यजमानाने ठामपणे बोलावं.

स्पीकर रात्री दहाच्या पुढे नियमानेच बंद. तसंही मळ्यात एखाद्या आप्पांच्या अहिराणी गोष्टी आणि गाण्याच्या भेंड्या जास्त रंगतात. बायकांसाठी आडोसा, तिथे दिवा आणि पाण्याची बादली हे दुपारीच बघून घ्या. केळी-उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असेल तर अंधारात एकट्याने कुणी जायचं नाही.

कुणाला भाजलंच तर

कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही: जागीच थांबा, खाली झोपा, चेहऱ्यावर हात घेऊन लोळा. दुसऱ्याने जाड घोंगडी टाकावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं, स्वच्छ पाणी ओतत राहा. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज यायच्या आत काढा, पण चिकटलेलं कापड ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीही लावू नका आणि फोड फोडू नका. वर स्वच्छ सुती कापड सैल टाका. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल तर दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८, आगीसाठी १०१. मळ्यात रेंज कुठे येते आणि गाडीला रस्ता कोणता सांगायचा, हे दुपारीच ठरवा. एक गाडी रस्त्याकडे तोंड करून, किल्लीसकट मोकळी ठेवा.

आवरणं

उठायच्या अर्धा तास आधी लाकडं घालणं बंद करा. निखारे काठीने पसरा, पाणी ओता, ढवळा, पुन्हा पाणी. हाताची मागची बाजू राखेच्या वर धरून ऊब लागत नाही तोवर हे चालू ठेवा. नुसती माती टाकून निघायचं नाही. मातीखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो आणि अनवाणी आलेल्या पोराचा पाय त्यात जातो.

शेतघरात मुक्काम असेल तर उबेसाठी निखाऱ्यांचं घमेलं खोलीत, तंबूत किंवा बंद गाडीत नेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वर दुलई एक जास्त घ्या.

परत निघणारे दुचाकीवर एकटे जाऊ देऊ नका. कापूस आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, धुक्यात त्या अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. उरलेलं भरीत ज्यांना हवं त्यांना डब्यात द्या, पण पातीमुळे ते फार टिकत नाही, सकाळच्या न्याहारीलाच संपवायचं. वांग्याच्या साली खतात टाका, केळीची पानं जनावरांना द्या. त्यांच्यात टाचणी, रबर, प्लॅस्टिकचा चमचा राहिला नाही ना तेवढं बघा. आणि सकाळी लाईट आली, मोटर सुरू झाली की ठिबकच्या नळ्या परत अंथरून एकदा सगळ्या ओळींवरून चक्कर मारा. कुठे भोक पडलेलं असेल तर जोडणी तिथल्या तिथे करून टाका.